निर्लोभी प्रतिनायक : ‘द डार्क नाइट’मधील प्रसंग आणि जोकर

प्रस्तावना

धनंजयाने दहाव्या शतकात रचलेल्या ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रविषयक ग्रंथात प्रतिनायकाची, म्हणजे नायकाच्या वाटेत उभ्या ठाकणाऱ्या शत्रूची, जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत पहिले लक्षण लोभ हे आहे. उद्धतपणा, ताठा, पापाचरण आणि व्यसनाधीनता ही त्यामागून येतात. रावण आणि दुर्योधन ही त्याची परंपरेने दिली जाणारी उदाहरणे, आणि त्या दोघांनाही काहीतरी हवे असते : एकाला सीता, दुसऱ्याला राज्य. पुढच्या काळातला नाटकातील सावकार असो, मराठी पडद्यावर निळू फुले यांनी उभा केलेला साखरसम्राट असो किंवा हिंदी चित्रपटातला तस्कर असो, खलनायकाला काय हवे आहे हे प्रेक्षकाला आरंभीच कळते आणि त्या हव्यासाच्या मापानेच त्याचा दुष्टपणा मोजला जातो. ख्रिस्तोफर नोलन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द डार्क नाइट’ (२००८) या चित्रपटात जोकर नावाचा खलनायक नोटांचा डोंगर रचतो आणि तो पेटवून देतो. त्या एका कृतीत धनंजयाच्या व्याख्येतले पहिलेच लक्षण जळून जाते. लोभ वजा केल्यावर खलनायकात काय उरते आणि जे उरते ते प्रेक्षकाला इतके का खिळवून ठेवते, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

विषयात शिरण्यापूर्वी तीन संज्ञांचा उलगडा आवश्यक आहे. ‘सुपरहिरो’ हा अमेरिकी कॉमिक्समधून, म्हणजे चित्रचौकटींतून सांगितल्या जाणाऱ्या कथामालिकांतून, जन्मलेला नायक. त्याची ओळख दुहेरी असते, वेष ठरलेला असतो आणि तो बहुधा कायद्याच्या चौकटीबाहेर राहून कायद्याचे रक्षण करतो. बॅटमॅन हा या कुळातला वेगळा सदस्य, कारण त्याच्यापाशी अलौकिक शक्ती नाही. लहानपणी आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेला ब्रूस वेन हा धनाढ्य वारस पैसा, यंत्रे आणि शरीरसाधना यांच्या बळावर रात्री वटवाघळाचा वेष चढवून गॉथम या कल्पित शहरात गुन्हेगारांच्या मागे लागतो. अशा चित्रपटाला ‘डार्क’ म्हटले जाते तेव्हा त्या विशेषणाचा संबंध पडद्यावरच्या काळोखाशी थोडा आणि नैतिक काळोखाशी अधिक असतो : नायकाचा विजय निर्भेळ राहत नाही, त्याची साधने खलनायकाच्या साधनांसारखी दिसू लागतात आणि न्यायाची किंमत निरपराधाला चुकवावी लागते. तिसरी संज्ञा ‘प्रसंग’. स्थळकाळाची एकता असलेला, स्वतःचा आरंभ, ताण आणि कलाटणी असलेला कथेचा हा घटक अनेक शॉट्सचा, म्हणजे कॅमेऱ्याने सलग टिपलेल्या तुकड्यांचा, बनलेला असतो. ‘आवडता प्रसंग’ हा शब्दप्रयोग प्रेक्षकांच्या गप्पांतला आहे आणि समीक्षेने तो पुष्कळदा हौशी म्हणून बाजूला ठेवला आहे. परंतु चित्रपट स्मरणात राहतो तो बहुतांशी प्रसंगांच्याच रूपाने, आणि म्हणून आवडीचा तो शब्द येथे अभ्यासाचे साधन म्हणून स्वीकारला आहे.

बॅटमॅन प्रथम अवतरला तो ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या मे १९३९ च्या, म्हणजे सत्ताविसाव्या अंकात, बॉब केन आणि बिल फिंगर हे त्याचे निर्माते. पुढच्याच वर्षी, १९४० च्या वसंतात, ‘बॅटमॅन’ या स्वतंत्र मालिकेच्या पहिल्या अंकात जोकर आला आणि त्याच्या निर्मितीच्या श्रेयात केन व फिंगर यांच्याबरोबर जेरी रॉबिन्सन यांचेही नाव घेतले जाते, जरी कोणाचा वाटा किती याविषयी या तिघांचे कधीच एकमत झाले नाही. चेहऱ्याचे मूळ मात्र ठाऊक आहे. व्हिक्टर ह्यूगो यांच्या १८६९ च्या कादंबरीवर पॉल लेनी यांनी १९२८ मध्ये ‘द मॅन हू लाफ्स’ हा मूकपट काढला. त्यात कॉनराड व्हाइट यांनी रंगवलेल्या, बालपणीच चेहरा विद्रूप करून कायमचे हसू कोरलेल्या तरुणाच्या छायाचित्रावरून जोकरचे रूप घेतले गेले. ह्यूगोचा तो तरुण निष्पाप आणि करुण होता. कॉमिक्सने त्याचे हसू उचलले आणि करुणा मागे ठेवली, ही या पात्राच्या इतिहासातली पहिली आणि कदाचित सर्वांत मोठी चोरी होय. पहिल्याच अंकात जोकर रेडिओवरून आगाऊ घोषणा करून खून पाडतो आणि त्याचे बळी तोंडावर हसू घेऊन मरतात. त्या अंकाच्या शेवटी तो स्वतःही मरायचा होता. संपादकीय सूचनेमुळे तो वाचला.

या पात्राचा पुढचा प्रवास भरती-ओहोटीसारखा आहे. १९५४ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांनी कॉमिक्समुळे मुले बिघडतात असा आरोप करणारे पुस्तक लिहिले, त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता घालून घेतली, आणि खुनी जोकर खोड्या काढणारा चोर झाला. १९६६ ते १९६८ या काळातील दूरचित्रवाणी मालिकेत सीझर रोमेरो यांनी याच खोडकर रूपाला रंग भरला. मिशी काढायला त्यांनी नकार दिल्यामुळे पांढरा रंग मिशीवरूनच फासला जाई, आणि तो विनोदही मालिकेच्या प्रकृतीला शोभून दिसे. १९७३ मध्ये लेखक डेनिस ओनील आणि चित्रकार नील अॅडम्स यांनी त्याला पुन्हा खुनी केले. फ्रँक मिलर यांची ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ (१९८६) आणि अॅलन मूर व ब्रायन बोलंड यांची ‘द किलिंग जोक’ (१९८८) या चित्रकथांनी बॅटमॅन आणि जोकर हे एकाच वेडाचे दोन चेहरे असल्याची कल्पना रुजवली. मूर यांनी जोकरला एक भूतकाळ दिला खरा, पण त्याच्या आठवणी दर वेळी बदलतात असे त्याच्याच तोंडून वदवून तो लगेच संशयास्पदही करून टाकला. टिम बर्टन यांच्या ‘बॅटमॅन’मध्ये (१९८९) जॅक निकल्सन यांच्या जोकरला नाव, धंदा आणि रसायनाच्या हौदात पडण्याचा अपघात असे सगळे कारण मिळाले. त्या चित्रमालिकेतला जोएल शूमाकर यांचा ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ (१९९७) टीकेचा धनी झाला आणि पडद्यावरचा बॅटमॅन आठ वर्षे थांबला.

नोलन यांनी ‘बॅटमॅन बिगिन्स’पासून (२००५) नव्याने आरंभ केला आणि तीन वर्षांनी ‘द डार्क नाइट’ आला. पटकथा ख्रिस्तोफर आणि जोनाथन या नोलन बंधूंची, छायालेखन वॉली फिस्टर यांचे, संकलन ली स्मिथ यांचे, संगीत हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचे. गॉथमचे रस्ते म्हणून प्रामुख्याने शिकागो शहर वापरले गेले, आणि काही प्रसंग नेहमीच्या फिल्मपेक्षा कितीतरी मोठी चौकट टिपणाऱ्या आयमॅक्स कॅमेऱ्यांनी घेतले गेले, जे मोठ्या कथापटाच्या बाबतीत तोवर घडले नव्हते. जोकरच्या भूमिकेतील ऑस्ट्रेलियन अभिनेते हीथ लेजर यांचे चित्रीकरण संपल्यानंतर, २२ जानेवारी २००८ रोजी, वयाच्या २८व्या वर्षी निधन झाले. औषधांच्या अपघाती अतिसेवनाने मृत्यू आल्याचा निष्कर्ष वैद्यकीय तपासणीत निघाला. पुढच्या वर्षी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मरणोत्तर मिळाले. भूमिकेनेच नटाचा जीव घेतला ही दंतकथा तेव्हापासून फिरते आहे. तिला या ग्रंथात स्थान नाही, कारण तिच्यामुळे नटाचा मृत्यू रंजक होतो आणि त्याची मेहनत, म्हणजे ओठांवरून सतत फिरणारी जीभ, पुढे झुकलेले खांदे, शब्दागणिक चढउतार होणारा आवाज, ही जाणीवपूर्वक घडवलेली कारागिरी झाकली जाते.

चित्रपटाच्या प्रसंगांकडे या दृष्टीने पाहिले की एक रचना हळूहळू दिसू लागते. आरंभीचा बँकेवरचा दरोडा हा मुखवट्यांचा खेळ आहे : विदूषकी मुखवटे घातलेले दरोडेखोर आपापले काम संपताच एकमेकांना गोळ्या घालतात, कारण प्रत्येकाला वाटा कमी माणसांत वाटला जावा असे वाटते, आणि ज्याने ही योजना आखली तो त्यांच्यातच वावरत असतो. लोभाचा उपयोग येथे जोकर हत्यार म्हणून करतो. लोभ इतरांचा असतो, चाल त्याची असते. त्यानंतर गुन्हेगार टोळ्यांच्या बैठकीत तो टेबलावर पेन्सिल उभी करून ‘जादू’ दाखवतो. तो खून इतक्या झटपट घडतो की रक्त दिसतच नाही, आणि अमेरिकेत तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावधगिरीची सूचना देणाऱ्या श्रेणीचे प्रमाणपत्र मिळवताना संकलनाचा हा संयम उपयोगी पडला असणार. पण त्याचा खरा परिणाम असा की जे दाखवले नाही ते प्रेक्षक स्वतः पूर्ण करतो आणि आपण क्षणभर हसलो होतो हे त्याला उशिरा जाणवते.

येथे भारतीय रसविचाराची मदत होते. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्य विकृत वेष आणि विसंगत चेष्टा यांतून निर्माण होते आणि भयानकाचे उगमस्थान बीभत्स हे मानले जाते. जोकर या दोन वाटा एकमेकींना जोडतो : विकृत वेष तोच, चेष्टा त्याच, पण त्यांतून हसू उमटता उमटता भय उभे राहते. संस्कृत नाटकातला विदूषक हा राजाचा सखा असतो, खादाड, भित्रा आणि स्पष्टवक्ता. नायकाला त्याच्या मोहातले हास्यास्पद दाखवून देणे हे त्याचे काम. जोकर तेच काम करतो, पण मैत्रीविना. गॉथमच्या सत्यवादी नेत्यांना, पोलिसांना आणि खुद्द बॅटमॅनला त्यांच्या नियमांतले हास्यास्पद दाखवून देण्याचा त्याने जणू विडाच उचललेला असतो.

पकडल्या गेलेल्या जोकरच्या चौकशीचा प्रसंग हा चित्रपटाचा मध्यबिंदू मानला जातो, तो याच कारणाने. आरंभी खोलीत टेबलावरच्या दिव्यापुरता उजेड आहे. अचानक छतावरचे सगळे दिवे लागतात आणि जोकरच्या पाठीमागे बॅटमॅन उभा दिसतो. काळोखाचा नायक पांढऱ्याफटक प्रकाशात आल्यामुळे त्याचा वेष पहिल्यांदा वेषासारखा, किंचित केविलवाणा, दिसतो, आणि ओघळलेल्या रंगातला जोकर मात्र त्या प्रकाशात निवांत बसलेला असतो. बॅटमॅन त्याला मारतो आणि तो हसतो, कारण धाक दाखवण्यासाठी समोरच्याकडे गमावण्यासारखे काही असावे लागते, आणि ज्याच्या बोटांच्या ठशांची नोंद नाही, कपड्यांवर शिक्का नाही, खिशात सुऱ्यांखेरीज फारसे काही नाही, त्याच्याकडे तसे काहीच नाही. शेवटी तो डांबून ठेवलेल्या दोघांचे पत्ते देतो : एकीकडे सरकारी वकील हार्वी डेंट, दुसरीकडे रेचल डॉज, जिच्यावर बॅटमॅन आणि डेंट या दोघांचेही प्रेम आहे. पत्त्यांची अदलाबदल केलेली आहे हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्या मनातल्या व्यक्तीला वाचवायला निघालेला बॅटमॅन डेंटपर्यंत पोहोचतो, रेचल मरते, आणि अर्धा चेहरा जळालेला डेंट पुढे नाण्याच्या फेकीवर माणसांचे जीव तोलू लागतो.

गालांवरच्या व्रणांची गोष्ट जोकर दोनदा सांगतो : एकदा बापाने सुरी चालवल्याची, एकदा बायकोसाठी स्वतःच ब्लेड लावल्याची. दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत, आणि तिसऱ्यांदा तो सांगू लागतो तेव्हा बॅटमॅन ऐकून घेत नाही. खलनायकाला कारण देण्याची जी रीत १९८९ च्या चित्रपटाने पाळली होती, तिची ही थट्टाच आहे, कारण येथे भूतकाळ हे समोरच्या माणसाला पाहून निवडलेले हत्यार आहे. झिमर यांनी त्याच्यासाठी योजलेला स्वरही असाच निराकार आहे : तंतुवाद्यावर ओढलेला एकच लांब सूर, जो ताणत जातो आणि रागदारीतल्या सुराप्रमाणे षड्जावर येऊन विसावत नाही. नोटांच्या डोंगराचा प्रसंग या सगळ्याची परिणती आहे. टोळ्यांचा हिशेबनीस त्या डोंगराच्या माथ्यावर बसवलेला आहे, आणि आपण फक्त आपल्या हिश्श्याचेच पैसे जाळतो आहोत असे जोकर समोरच्या टोळीप्रमुखाला शांतपणे समजावतो. त्या क्षणी खरी घबराट उडते ती गुन्हेगारांची, कारण त्यांचा धंदा ज्या व्याकरणावर चालतो ते व्याकरणच जळत असते.

या चित्रपटावरील लेखनाचे स्थूलमानाने चार प्रवाह दिसतात. पहिला राजकीय वाचनाचा. न्यूयॉर्कवरील २००१ च्या हल्ल्यानंतरच्या अमेरिकेत हा चित्रपट आला, आणि शहरातल्या प्रत्येक मोबाइलचे रूपांतर पाळतीच्या यंत्रात करून जोकरला शोधणारा बॅटमॅन पाहून काहींनी त्यात तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या धोरणांचे समर्थन वाचले, तर काहींनी त्याच प्रसंगात लुशियस फॉक्स हा बॅटमॅनचा सहकारी त्या यंत्राला नैतिक आक्षेप घेतो याकडे बोट दाखवले. तत्त्वज्ञ स्लाव्होय झिझेक यांचे लक्ष शेवटाकडे गेले : डेंटने केलेले खून बॅटमॅन स्वतःच्या माथी घेतो, म्हणजे शहराची व्यवस्था एका असत्यावर तोलून धरली जाते. दुसरा प्रवाह नीतिशास्त्रीय वाचनाचा. परिणामांवरून कृतीचे मोल ठरवणारा उपयुक्ततावाद आणि परिणाम काहीही होवो, नियम पाळलाच पाहिजे असे मानणारा कर्तव्यवाद यांच्यातला झगडा तो प्रसंगाप्रसंगांतून उकलतो. तिसरा प्रवाह सांस्कृतिक प्रतिमांचा. त्यात जोकरकडे लोककथांतल्या खट्याळ, नियम उलटवणाऱ्या पात्रांचा वंशज म्हणून पाहिले जाते आणि मिखाइल बाख्तिन यांनी मांडलेल्या जत्रेच्या संकल्पनेशी, म्हणजे जिथे काही काळ राजा आणि भांड यांच्या जागा बदलतात त्या उत्सवाशी, त्याची तुलना होते. चौथा प्रवाह घडणीचा : चौकट, काप, ध्वनी आणि अभिनय यांचा. या प्रवाहात कौतुकाबरोबर कठोर टीकाही आहे. समीक्षक जिम एमर्सन यांनी २०११ मध्ये ट्रकच्या पाठलागाच्या प्रसंगाचा एकेक काप तपासून कोणते वाहन कोणत्या दिशेला आहे याचे भान प्रेक्षकाला उरत नाही असे दाखवून दिले, आणि तो आक्षेप आजही पुरता खोडला गेलेला नाही.

हा विषय आताच हाती घेण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की जोकर आता आपल्या चित्रपटातून सुटून बाहेर पडला आहे. टॉड फिलिप्स यांच्या ‘जोकर’ला (२०१९) व्हेनिस महोत्सवात सर्वोच्च सन्मान मिळाला आणि वॉकिन फिनिक्स यांना मुख्य अभिनेत्याचे ऑस्कर, त्या चित्रपटाने जोकरला आजारी आई, हुकलेली औषधे, अपमान असा भूतकाळ परत बहाल केला, म्हणजे ह्यूगोकडून चोरताना मागे राहिलेली करुणा जवळपास ऐंशी वर्षांनी परत आणली. २००८ चा जोकर त्या करुणेला ठामपणे नकार देतो, आणि हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कोणताच नीट कळत नाही. दुसरे कारण पाहण्याच्या सवयींशी निगडित आहे. ‘द डार्क नाइट’ने जगभरात १०० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली, २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला, पण आज तो अनेकांना प्रथम भेटतो तो मोबाइलच्या पडद्यावर, दोन-तीन मिनिटांच्या सुट्या तुकड्यांत. तुकडा सुटा झाला की खलनायकाचे बोलणे सुभाषितासारखे ऐकू येऊ लागते, आणि त्या बोलण्याला चित्रपटाने पुढे काय उत्तर दिले हे दिसेनासे होते.

प्रस्तुत ग्रंथाचा प्रयत्न त्या तुटलेल्या तुकड्यांना पुन्हा जोडण्याचा आहे. ग्रंथातील लेखांची मते एकसारखी नाहीत, आणि तशी ती असावीत असा आग्रहही धरलेला नाही. तथापि त्यांच्यामागे एक सूत्र आहे. जोकरला स्वतःला काही नको असल्यामुळे त्याचा प्रत्येक प्रसंग दुसऱ्या कोणाची तरी परीक्षा होतो : दरोडेखोरांच्या लोभाची, कोणाचा जीव न घेण्याच्या बॅटमॅनच्या नियमाची, डेंटच्या निष्ठेची. धनंजयाचा लोभी प्रतिनायक नायकाकडून काहीतरी हिरावून घेऊ पाहतो. हा निर्लोभी प्रतिनायक त्याच्यापुढे निवड ठेवतो आणि बाजूला उभा राहून पाहतो. ज्या प्रसंगांत परीक्षा देणारा नापास होतो ते प्रसंग प्रेक्षकांच्या ओठांवर अधिक येतात, आणि ही गोष्ट जोकरपेक्षा प्रेक्षकांविषयी अधिक सांगते. रुग्णालय उडवून देताना मध्येच स्फोट थांबतात आणि परिचारिकेच्या वेषातला जोकर हातातल्या यंत्राशी झटापट करतो, त्या क्षणाला प्रेक्षागृहात हशा पिकतो. त्या हशाची तपासणी केल्याशिवाय आवडत्या प्रसंगांचा अभ्यास पुरा होत नाही.

म्हणूनच चर्चेत तुलनेने मागे पडणारा एक प्रसंग या ग्रंथाने जाणीवपूर्वक अखेरीस ठेवला आहे. दोन बोटींपैकी एकीवर कैदी, दुसरीवर नागरिक, आणि प्रत्येकीच्या हाती दुसरी बोट उडवण्याची कळ. मध्यरात्रीपर्यंत कोणीच ती दाबली नाही तर दोन्ही उडतील. नागरिक मतदान घेतात, आणि कळ दाबण्याच्या बाजूने ३९६, विरुद्ध १४० अशी मते पडतात. पण ती दाबायला कोणाचा हात उठत नाही. दुसऱ्या बोटीवर एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याकडून कळ मागून घेतो, खिडकीतून पाण्यात फेकून देतो आणि जागेवर जाऊन बसतो. भडक संगीत नाही, जादूचा खेळ नाही, टाळी घेणारे वाक्य नाही. त्या कैद्यालाही जोकरप्रमाणेच चित्रपटात नाव दिलेले नाही, भूतकाळ दिलेला नाही, आणि त्या घटकेला त्यालाही स्वतःसाठी काही नको असते.